पुस्तकांची रात्र आणि मेणबत्तीचोर

आइसलँडच्या लोककथांत ग्रीला नावाची राक्षसीण डोंगरात राहते. तिचे तेरा मुलगे १२ डिसेंबरपासून रोज एक याप्रमाणे वस्तीत उतरतात आणि घरोघरी खोड्या काढतात. कोणी पळी चाटतो, कोणी पातेले खरवडतो, कोणी सॉसेज लांबवतो, कोणी खिडकीतून डोकावतो. सातवा दारे आपटून झोपमोड करतो. तेरावा २४ डिसेंबरला येतो, तो मेणबत्त्या पळवायला. आज त्याच रात्री तिथले लोक भेट मिळालेली नवी पुस्तके उघडून बसतात. वाचणाऱ्याला याहून गैरसोयीचा पाहुणा मिळणे कठीण.

वाचनाची आवड आणि हे टोळके, दोन्ही एकाच खोलीत वाढले. गवताळ मातीच्या चिपांनी बांधलेल्या जुन्या शेतघरात हिवाळ्याच्या लांबलचक संध्याकाळी गडीमाणसांसह सगळे एकत्र बसत. हात लोकर विंचरण्यात, सूत काढण्यात, विणण्यात गुंतलेले असत आणि एकजण मोठ्याने ‘सागा’ या जुन्या गद्यकथा वाची किंवा ‘रीमुर’ ही दीर्घ कथाकाव्ये आळवी. भुताखेतांच्या गोष्टीही तिथेच रंगत. उजेडाला तेलाचा मिणमिणता दिवा. मेणबत्त्या चरबीच्या, सणासुदीलाच निघणाऱ्या. शिवाय चरबी खाता येई. लोककथेतल्या चोराची नजर त्यांवर गेली यात नवल नाही.

त्या काळी आइसलँडवर डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती. १७४६ मध्ये घरातल्या शिस्तीविषयी निघालेल्या फर्मानाने या भावांच्या नावाने मुलांना भिवविण्यास मनाई केली. निरुपयोगी कथा आणि रीमुर यांपासून घरच्यांना दूर ठेवण्याची ताकीदही त्यातच होती. भीती आणि करमणूक एकाच दमात हद्दपार करण्याचा हा खटाटोप अर्थातच फसला.

भावांची नावे आणि संख्या मात्र गावोगाव वेगळी होती. योन आर्नासन यांचा लोककथासंग्रह १८६२ पासून छापून येऊ लागला, त्यात ती नोंदली गेली. योहानेस उर कोत्लुम या कवीच्या १९३२ च्या बालकवितेने तेरा नावे आणि त्यांचा क्रम लोकांच्या मनात पक्का केला.

पुस्तके भेट देण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फोफावली. आयातीवर कडक निर्बंध होते, पण कागदाच्या बाबतीत ते तुलनेने सैल. भेट म्हणून पुस्तक सहज मिळे. १९४४ पासून नव्या पुस्तकांची सूची प्रसिद्ध होऊ लागली आणि पुढे ती घरोघरी जाऊ लागली. वर्षभरातली बरीचशी पुस्तके आजही नाताळच्या आधीच्या काही महिन्यांतच बाजारात येतात. या हंगामाला तिथे ‘नाताळचा पुस्तकपूर’ म्हणतात.

तेरा भाऊही विसाव्या शतकात निवळले. मुले खिडकीत बूट ठेवतात, ते त्यात छोटीशी भेट टाकतात. मस्तीखोर मुलाच्या बुटात बटाटा निघतो.