वऱ्हाडातील ‘भूल’ आणि अफूवर्गीय वेदनाशामके

शल्यक्रियेपूर्वी रोग्याला ‘भूल’ दिली जाते, असे मराठीत म्हणतात. विसर, चूक व मोहिनी हे या शब्दाचे जुने अर्थ होत. त्यांपैकी एकातही वेदनेचा निर्देश नाही. वैद्यकाच्या इतिहासातही आरंभी असेच घडले. शुद्ध हरपली की वेदनाही हरपली, असे गृहीत धरले गेले. वस्तुतः शुद्ध व वेदना या भिन्न गोष्टी असून त्यांसाठी भिन्न औषधे योजावी लागतात. हा विचार स्थिरावण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. अमरावती व अकोला यांसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचे पुढे काय झाले, हे औषधशास्त्राइतकेच कायद्याच्या इतिहासातही पाहावे लागते.

‘अफू’ हा शब्द मूळ ग्रीक. अरबी ‘अफ्यून’च्या द्वारे तो इकडे आला. संस्कृत वैद्यकग्रंथांतील ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, हे त्याचेच संस्कारित रूप दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने अफूतून मॉर्फीन वेगळे केले. निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला तो १८५३ साली. त्याच सुमारास एडिंबरो येथे अलेक्झांडर वुड यांनी पोकळ सुईच्या पिचकारीने त्वचेखाली मॉर्फीन टोचण्यास प्रारंभ केला. पुढे क्लोद बेर्नार यांनी दाखवून दिले की, आधी मॉर्फीन टोचले असता क्लोरोफॉर्म कमी लागतो. दोन द्रव्यांनी कामाची वाटणी करावी, या कल्पनेचे बीज येथे आहे.

वऱ्हाडवर नाममात्र सार्वभौमत्व उरलेल्या निजामाच्या राजधानीत १८८८ व १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असा की, क्लोरोफॉर्मने प्रथम श्वसन थांबते, म्हणून नाडीपेक्षा श्वासाकडे लक्ष द्यावे. क्लोरोफॉर्मपुरता हा निष्कर्ष टिकला नाही. त्याने हृदयही एकाएकी बंद पडू शकते, हे पुढे सिद्ध झाले. अफूवर्गीय औषधांच्या बाबतीत मात्र श्वासावरील पहारा हाच आजही पहिला नियम आहे.

विसाव्या शतकात या वाटणीला निश्चित रूप आले. १९४२ साली माँट्रियल येथे क्युरारे हे स्नायू शिथिल करणारे द्रव्य भुलेत वापरले गेले. तेव्हापासून निद्रा, शिथिलता व वेदनाशमन ही तीन कामे तीन औषधांकडे सोपविता येऊ लागली. वेदनाशमनासाठी मॉर्फीनच्या जोडीला १९३९ साली पेथिडीन व १९६० साली पॉल यान्सेन यांनी तयार केलेले फेंटानिल आले. मॉर्फीनचा परिणाम सावकाश चढतो व तीन-चार तास टिकतो; रक्तदाब मात्र उतरू शकतो. १० मिलिग्रॅम मॉर्फीनचे काम करण्यास पेथिडीन सुमारे १०० मिलिग्रॅम लागते. ते शल्यक्रियेनंतरची थंडी थांबविते, परंतु त्याचे अवशेष शरीरात साचल्यास झटके येतात. फेंटानिल मॉर्फीनच्या सुमारे शंभरपट प्रभावी असून एक-दोन मिनिटांत गुण देते. एका मात्रेचा परिणाम अर्ध्या ते एका तासात ओसरतो. याउलट पेंटाझोसिनच्या वेदनाशमनाला एक मर्यादा आहे, व त्याने रक्तदाब आणि नाडीचा वेग वाढतो.

ही तुलना केवळ गुणधर्मांची झाली. १९८४ साली अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुढच्याच वर्षी देशात अमली पदार्थविषयक नवा कायदा आला. व्यसनाला आळा घालणे हा त्याचा हेतू योग्य होता. तथापि परवान्यांच्या जाचामुळे देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर १९८५ मधील ७१६ किलोग्रॅमवरून १९९७ पर्यंत अवघ्या १८ किलोग्रॅमवर आला. नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होत असतानाच हे घडले, हे विशेष. मोठ्या शहरांतील संस्था परवाने सांभाळू शकत. लहान गावांतील शुश्रूषागृहांना पेंटाझोसिन वा ट्रॅमाडोल यांसारखी सहज मिळणारी औषधे जवळची वाटली. अशा ठिकाणी निवड गुणांवर झाली नाही, उपलब्धतेवर झाली.

२००२ साली अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीन व फेंटानिल यांसह काही औषधे ‘आवश्यक’ ठरवून देशभर एकच परवानापद्धती आणली. २०१८ साली ट्रॅमाडोलही नियंत्रणाखाली आले. म्हणजे कालपर्यंतचा सोपा पर्यायही बंधनात आला.

यावरून एवढे स्पष्ट होते की, वेदनाशामकांचा तौलनिक इतिहास लिहिताना प्रभाव, अवधी व धोका यांच्या जोडीला परवानगी हा चौथा निकष धरला पाहिजे. तो वगळल्यास ग्रंथांतील श्रेष्ठ औषध कोणते हे कळेल. अकोल्याच्या शल्यगृहात निजलेल्या रोग्याच्या वाट्याला प्रत्यक्षात कोणते आले, हे कळणार नाही.