मागच्या आसाचे तेल

नाशिकजवळ आडगावला ट्रक टर्मिनल आहे. कसाऱ्याचा घाट चढून आलेले कितीतरी ट्रक तिथे विसावतात. तिथे एक दृश्य हमखास दिसते. मिस्त्री ट्रकखाली सरकतो, मागच्या चाकांच्या मधोमध असलेल्या फुगीर पेटीचे बूच पान्याने काढतो आणि भोकात करंगळी घालतो. तेल काठाशी लागले तर ठीक. नाही तर 'नव्वद नंबर' तेल भोकातून ओघळेपर्यंत भरायचे. मोजपट्टी नाही, काही नाही. त्या तेलाला एक उग्र, नकोसा वास असतो. तो का, हे पाहू.

आधी पेटीत काय आहे ते पाहू. ट्रक पूर्ण उलटा वळला की बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. दोन चाकांत १.८ मीटर अंतर असेल तर जास्तीचे अंतर १.८ × ३.१४, म्हणजे सुमारे ५.६५ मीटर. वळण लहान असो वा मोठे, उत्तर तेच! (मुलांकडून मैदानावर दोरीने करून घ्या, त्यांना पटत नाही.) बैलगाडीला ही अडचण नव्हती, कारण तिची चाके आसाभोवती सुटी फिरतात. पण इंजिनाने चाकेच फिरवायची म्हटल्यावर प्रश्न आला. पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी त्यावर दातेरी चक्रांचा उपाय काढला. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडच्या जेम्स स्टार्लेने तोच तीनचाकी सायकलीला लावला. हाच डिफरन्शियल.

तेलाची कटकट सुरू झाली ती १९२६ नंतर. अमेरिकेच्या ग्लीसन कंपनीने विकसित केलेली 'हायपॉइड' चक्रे त्या वर्षी पॅकार्ड मोटारीत आली. यात पिनियन हे लहान चक्र मोठ्या क्राउनच्या मध्यापेक्षा खाली बसते. त्यामुळे मोटारीची बैठक खाली आली, आवाज कमी झाला. पण दाते एकमेकांवर नुसते न लोळता घसरू लागले. साध्या तेलाचा थर तिथे फाटतो. मग रसायनतज्ज्ञांनी तेलात गंधकाची संयुगे घातली. दाते तापले की गंधक लोखंडाशी संयोग पावून पातळ थर तयार करते, आणि लोखंड लोखंडाला चिकटत नाही. वास या गंधकाचा. त्यासाठी एके काळी स्पर्म देवमाशाचे तेलही गंधकाबरोबर वापरत. १९७० मध्ये अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त ठरवला, तेव्हा पर्याय शोधावे लागले.

आणि 'नव्वद' या आकड्याने बिचकू नका. इंजिन ऑइलची मोजणी वेगळी. हे तेल साधारण त्यातल्या चाळीस-पन्नास नंबरइतकेच दाट असते.

आता करंगळीकडे परत येऊ. पेटीत पंप नसतो. क्राउन अर्धवट तेलात बुडून फिरते आणि तेल वर उडवते. पुढच्या बाजूचे पिनियन आणि त्याचे बेअरिंग त्यावर जगतात. घाटात ट्रकचे तोंड वर असते, म्हणून तेल मागे सरते. काठापर्यंत भरले असेल तर पुढे थोडे उरते. दोन बोटे कमी असेल तर भार सर्वांत जास्त असतानाच बेअरिंग कोरडे पडते आणि मग क्राउन-पिनियनचा जोड बदलण्याचा खर्च मालकाच्या गळ्यात. म्हणूनच तपासणी सपाट जागी करायची. उतारावर करंगळी खोटे सांगते. जास्त भरले तरी तेल घुसळून फेसाळते आणि सिलातून गळते. पावसाळ्यात पाण्यातून आलेल्या ट्रकचे तेल कधी दुधी दिसते. त्यात पाणी शिरलेले असते. तिथे भर घालून उपयोग नाही, सगळे काढून नवेच घालावे लागते.