संवादी अध्यापन-पात्रे
संगणकावरील शिकवणीत पडद्यावर दिसणारी, हावभाव करणारी आणि विद्यार्थ्याशी बोलणारी सचेतन पात्रे. माणूस यंत्राशी माणसाशी वागावे तसा वागतो, हे ती येण्याआधीच दिसले होते. जोसेफ वायझेनबॉम यांचा ‘एलायझा’ (१९६६) हा संवाद साधणारा संगणक-कार्यक्रम निव्वळ टंकलेल्या मजकुरावर चाले. तरी त्याच्याशी ‘बोलताना’ त्यांच्या सचिव बाईंनी त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले.

अमेरिकेत जेम्स लेस्टर आणि सहकाऱ्यांचा ‘हर्मन’ हा किडा शाळकरी मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवी. पात्र फारसे बोलके नसले, तरी त्याच्या नुसत्या असण्याने मुलांना शिकणे सुखाचे वाटते, असे १९९७ मध्ये त्यांना आढळले. अर्थात आवडणे म्हणजे समजणे नव्हे : २०१३ च्या एका एकत्रित विश्लेषणात प्रत्यक्ष शिकण्यावरचा लाभ किरकोळच निघाला.

मेम्फिस विद्यापीठाचा ‘ऑटोट्यूटर’ अर्धवट उत्तराला सूचक धागा पुरवून स्पष्टीकरण विद्यार्थ्याकडूनच काढून घेतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील ‘बेट्टी’ची रीत उलटी, आणि अधिक कल्पक. इथे मूल गुरू असते. संकल्पना व त्यांचे कार्यकारण-संबंध नकाशात जोडून ते बेट्टीला शिकवते आणि परीक्षा बेट्टीची होते. स्वतःसाठी करतात त्यापेक्षा अशा शिष्येसाठी मुले जास्त वेळ अभ्यास करतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

सारेच गोड नसते. किशोरवयीन मुले स्त्रीरूपातील पात्राशी अश्लील बोलतात, शिव्याही देतात, अशी नोंद २००८ मध्ये झाली.

आयआयटी मुंबईतील संशोधकांनी ‘माइंडस्पार्क’ या भारतीय गणित-शिकवणीतील नोंदींवरून विद्यार्थ्याचा वैताग ओळखण्याची पद्धत २०१३ मध्ये मांडली. तिथे पडद्यावरच्या चेहऱ्यापेक्षा मुलाची मनःस्थिती महत्त्वाची ठरली.