लोणारचा काठ : एका उंचवट्याची साक्ष

लोणारला गेलेला माणूस परत येऊन सरोवराविषयी बोलतो. खारं पाणी, दैत्यसूदनाचं मंदिर, लवणासुराची कथा. ज्या काठावर उभं राहून त्याने हे पाहिलं, त्या काठाविषयी मात्र कुणी बोलत नाही. आज मी त्याच्याविषयीच बोलणार आहे.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. त्याचा काठ भोवतालच्या सपाट जमिनीपेक्षा जवळपास २० मीटर उंच आहे. शेताला धुरा असावा तसा, पण गोल. हा धुरा घातला कुणी?

१८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे दीर्घकाळ उत्तर ठरलेलं होतं : ज्वालामुखी. ते चुकीचं वाटण्याचं कारणही नव्हतं. चहूकडे बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचाच खडक. पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि विवर त्यामानाने अगदी अलीकडचं. मग हा एकटाच ज्वालामुखी इतक्या उशिरा जागा झाला कसा?

इथे जरा अमेरिकेत जाऊ. अॅरिझोनात असंच विवर आहे. गिल्बर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने १८९१ मध्ये ते तपासलं आणि १८९६ मध्ये, गृहीतकं कशी जन्मतात यावर निबंध लिहिला. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांच्या जिव्हाळ्याचा विषय! त्याची युक्ती साधी होती. विहीर खणली की माती काठावर येते. ढीग आणि खड्डा सारखेच भरले, तर आत परकं काही उरलेलं नाही. ढीग जास्त भरला, तर आत उल्का पुरलेली आहे. त्याने मोजलं. दोन्ही सारखे! चुंबकसूचीही हलली नाही. निष्कर्ष काढला : वाफेचा स्फोट.

मोजमाप ठीक होतं, तर्कही ठीक होता. चुकलं ते न बोललेलं गृहीतक : उल्का आत शाबूत असणार. प्रत्यक्षात तेवढ्या वेगाच्या आघातात ती बहुतांशी वितळून, वाफ होऊन जाते. चोर पळून गेला म्हणून चोरी झालीच नाही, असं म्हणता येत नाही ना?

लोणारला पुरावा दगडातच सापडला. काठाजवळ लाव्हाचे थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, काही ठिकाणी तर उलटेच पडलेले. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी ‘सायन्स’मध्ये मॅस्केलिनाइटचा पुरावा मांडला. खडकातलं फेल्डस्पार हे खनिज प्रचंड धक्क्याने काचेसारखं होतं, ते मॅस्केलिनाइट. ज्वालामुखीत इतका दाब येत नाही. प्रश्न तिथे मिटला. वयाचा मात्र मिटला नाही : एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं येतात, दुसरीने ५ लाख ७० हजार.

२०२० मध्ये लोणार रामसर यादीत आलं, ते पाणथळ जागा म्हणून. चांगलंच झालं. पण पाणी राखलं म्हणजे लोणार राखलं, असं होत नाही. गाव काठाला येऊन टेकलंय. पाणी कमी-जास्त होतं, पुन्हा भरतं. काठ एकदा सपाट झाला की पुन्हा उभा राहत नाही, आणि साक्षीदार तोच आहे.

पुढच्या वेळी जाल तेव्हा सरोवराकडे जरूर बघा. पण एकदा पायाखालीही बघा.