आधी सभासदांचे पैसे, मग सरकारचे

चाळीसच्या दशकात प्रवरा कालव्यावर ऊस लावणारा शेतकरी गूळ करत होता. गुऱ्हाळ स्वतःचं, नाहीतर चार भावकीत मिळून एक. ढेपा तयार झाल्या की गाडी अडत्याच्या दारात. भाव तो सांगेल तो, कारण लागणीच्या वेळी उचल त्याच्याकडूनच घेतलेली. माझ्या आजोबांची वही माझ्याकडे आहे. तिच्यात दरसाल गुळाची पट्टी उतरवून घेतलेली दिसते: अडत, हमाली, तोलाई, उचलीचं व्याज, आणि मग खाली उरलेला आकडा. काही वर्षी तो आकडा देण्याच्या बाजूला आहे. म्हणजे वर्षभर ऊस सांभाळून, रात्री-अपरात्री पाणी धरून, माणूस अडत्याचं देणं घेऊन घरी आला.

पाणी होतं, हे विसरायला नको. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली झालं. १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि देशभर खासगी कारखाने उभे राहू लागले. आमच्याकडे हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना त्याआधीपासून चालू होता. साखरेत पैसा आहे हे शेतकऱ्याला धुराडं बघूनच कळत होतं. त्याच्याकडे नव्हतं ते यंत्रसामग्रीचं भांडवल, आणि ते त्याला कुणी उधार देईल अशी पतही नव्हती.

डिसेंबर १९४५मध्ये बेलापूरला दख्खन कालव्यांवरच्या बागाइतदारांची परिषद भरली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ तिथे आले होते. त्यांना या मुलखाची माहिती पुस्तकातून झालेली नव्हती. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे शेतीत काय बदललं याची पाहणी त्यांनी गावोगाव करवून घेतली होती. तिचा अहवाल पुढे १९४८ साली छापून आला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचं शालेय शिक्षण थोडं, पण १९२३ पासून गावात सहकारी पतपेढी चालवल्याचा अनुभव मोठा. या दोघांची जोडी जमली आणि बागाइतदारांनी स्वतःचा सहकारी साखर कारखाना काढायचा हा विचार कागदावर आला. आशियातला पहिला असा उल्लेख या प्रवरा कारखान्याचा नेहमी होतो. आंध्रात एटिकोप्पाक्याला १९३३ सालीच एक लहान सहकारी कारखाना निघाला होता, त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं. प्रवरेचं मोठेपण मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं.

ते दिसतं सरकारकडे मागणी करण्याच्या पद्धतीत. मुंबई सरकारात तेव्हा अर्थ आणि सहकार ही दोन्ही खाती वैकुंठभाई मेहतांकडे होती. मंत्री होण्याआधी त्यांनी प्रांतिक सहकारी बँक अनेक वर्षं चालवली होती. शेतकऱ्यांच्या नावाने काय काय बुडतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. अशा माणसापुढे नुसता अर्ज घेऊन जाण्यात अर्थ नव्हता. म्हणून विठ्ठलराव आणि त्यांचे सोबती आधी गावोगाव फिरले. देवळात, पारावर, कुणाच्या वस्तीवर बैठक घ्यायची आणि भाग विकायचे. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि पैशाचं नाव निघालं की उठायचे. कोण तो कारखाना, कुठे आहे तो, उद्या सगळं बुडालं तर? ज्याने आयुष्यात कधी अडत्याशिवाय व्यवहार केला नाही त्याला न बांधलेल्या कारखान्याचा भाग विकणं किती कठीण असेल! आमच्या वहीत भागाचा पहिला हप्ता गुळाच्या पट्टीखाली लिहिलेला आहे आणि त्यापुढे आजोबांनी काहीच शेरा मारलेला नाही. इतर प्रत्येक खर्चापुढे त्यांचा शेरा आहे.

संस्थेची नोंदणी १९४८च्या अखेरीस झाली. त्याच वर्षी केंद्राने औद्योगिक वित्त महामंडळ काढलं होतं आणि त्याच्या कायद्यात कंपन्यांबरोबर सहकारी संस्थांनाही कर्ज देण्याची तरतूद होती. महामंडळाने वीस लाखांचं कर्ज दिलं. मुंबई सरकारने सहा लाखांचे भाग घेतले, आणि सभासदांनी जमवलेलं भांडवल त्याहून जास्त होतं. माझ्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली याच एका तुलनेत आहे. सरकार भागीदार झालं, पण धाकटं. शिवाय हे अनुदान नव्हतं. पुढे कारखान्याने परत करायचे असे ते भाग होते. १९५०चा डिसेंबर सरताना पहिलं गाळप सुरू झालं. अध्यक्ष गाडगीळ, उपाध्यक्ष विखे पाटील. अर्थशास्त्राचा प्राध्यापक दहा वर्षं साखर कारखान्याच्या अध्यक्षपदी बसला, याचं मला अजून नवल वाटतं.

मग इतर उठले. अकलूजला शंकरराव मोहिते, सांगलीत वसंतदादा पाटील, वारणेला तात्यासाहेब कोरे, इचलकरंजीला रत्नाप्पा कुंभार. या मुख्य प्रवर्तकांचं राजकारण एक नव्हतं, स्वभाव तर मुळीच एक नव्हते. परवाना आणि भागभांडवल मागताना मात्र ते एका सुरात बोलत. १९५६ साली कारखान्यांचा राज्य संघ झाला आणि मागणीला कायमचा पत्ता मिळाला. एका कारखान्यासाठी घेतलेला निर्णय सगळ्यांसाठी धोरण झाला. प्रवर्तकांनी एकट्याने मंत्र्यांच्या दारी खेटे घातले असते तर हे घडलं नसतं.

पण पुढे प्रमाण उलटलं. नव्या कारखान्याचा साचा ठरला: सभासदांचे दहा टक्के, शासनाचे तीस, कर्ज साठ. शासन सभासदांच्या तिप्पट. ज्याचे दहाच टक्के अडकलेत त्याला गाळप बंद पडल्यावर झोप लागते. पाणी आणि ऊस दोन्ही नसलेल्या तालुक्यांत कारखाने निघाले, ते आजारी पडले, आणि शासनाचं भागभांडवल कित्येकांकडून परत आलंच नाही. मला याचा राग येतो, कारण त्यामुळे सहा लाखांची ती मूळ गोष्टही बदनाम झाली.

मी आता एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब पाहतो. आमच्या भागात शेतमालावर प्रक्रिया करणारी, ड्रोन फवारणी, माती तपासणी करणारी बरीच मुलं-मुली आहेत. राज्याचं स्टार्टअप धोरण २०१८ साली आलं, पण त्याचा लाभ पुण्या-मुंबईकडेच जास्त गेला असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. तालुक्याच्या पातळीवर उद्योग उभारणीच्या केंद्रांना शासनाने पैसे द्यावेत, असं निवेदन त्यांनी तयार केलं. मसुदा माझ्याकडे तपासायला आला. त्यात अनुदानाची रक्कम लिहिलेली होती. स्वतः किती घालणार याची जागाच नव्हती. मी त्यांना वही दाखवली आणि सहा लाखांचा हिशेब सांगितला. दोन संध्याकाळी वाद झाला, चांगला कडाक्याचा.

आता निवेदनात असं वाक्य आहे की केंद्रात शासनाचा हिस्सा संस्थापकांच्या हिश्श्यापेक्षा कमी राहील आणि ठरल्या मुदतीत परत केला जाईल. काहींनी त्यावर सही करायला नकार दिला. ज्यांनी केली त्यांच्या भागाची रक्कम जमा करायला आम्ही या आठवड्यात सुरुवात करतो आहोत, मंत्रालयात वेळ मागण्याच्या आधी.