मोहाची दारू

मोहाची दारू हे मोह (मधुका लाँगिफोलिया) या वृक्षाच्या वाळवलेल्या फुलांपासून ऊर्ध्वपातनाने तयार होणारे मद्य आहे. मध्य भारतातील आदिवासी समाजांत ते परंपरेने गाळले जाते. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, विशेषतः माडिया गोंड समाजात, जन्म, विवाह, मृत्यू आणि पंडुम या सणांच्या विधींत त्याला स्थान आहे. देवाला व पूर्वजांना प्रथम काही थेंब जमिनीवर वाहण्याची रीत आहे.

निर्मिती

मोहाची मांसल, फिकट पिवळसर फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. ती वेचून उन्हात वाळवली जातात. सुक्या फुलांच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते, त्यामुळे मूळ पद्धतीत गूळ घालावा लागत नाही. फुले काही दिवस पाण्यात आंबवतात. या आंबवणाला 'सडवा' म्हणतात. सडवा मडक्यात उकळून त्याची वाफ थंड पाण्याने निववली जाते. मद्यार्क पाण्याआधी उकळत असल्याने सुरुवातीला गळणारे मद्य सर्वांत कडक असते; 'पहिल्या धारेची' हा मराठीतील प्रयोग त्यावरूनच आला आहे. पुढच्या धारा सौम्य होत जातात.

स्वाद

हे मद्य रंगहीन असते. सुक्या फुलांचा गोडसर, काहीसा उग्र दर्प ही त्याची मुख्य ओळख असून लाकडाच्या चुलीवर गाळल्यास धुराची छटाही येते. व्हिस्कीचा रंग आणि बराचसा स्वाद ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरण्यातून येतो. मोहाच्या दारूत मात्र चव फुलाचीच असते आणि ती बहुधा ताजीच प्यायली जाते. म्हणून फुले नीट वाळली नसतील किंवा त्यांना बुरशी लागली असेल, तर तो दोष चवीत लपत नाही. साठवणीसाठी वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा व पिण्यासाठी पानांचे द्रोण वापरले जात. नवसागर किंवा गूळ घालून विक्रीसाठी काढलेल्या दारूला ही चव नसते, आणि ती आरोग्यासही अधिक घातक ठरू शकते.

कायदेशीर स्थिती

व्यसनाविरुद्धच्या लोकचळवळीनंतर १९९३ पासून गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी वा नियमन करण्याचा अधिकार मिळाला. मोहफुलांच्या साठवणुकीवर व वाहतुकीवर राज्याच्या दारूबंदी कायद्यानुसार असलेले निर्बंध २०२१ मध्ये शिथिल झाले. फुले वेचणे हे एटापल्लीतील कुटुंबांच्या उन्हाळी उत्पन्नाचे साधन असल्याने हा बदल तेथे महत्त्वाचा होता. दारू गाळणे मात्र गुन्हाच राहिले.

व्यावसायिक उत्पादन

मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' म्हणून मान्यता दिली आहे. गोव्यात २०१८ मध्ये ती बाटलीबंद स्वरूपात बाजारात आली. महाराष्ट्रातील डहाणू येथील साउथ सीज डिस्टिलरीज 'सिक्स ब्रदर्स' या नावाने ओकच्या पिंपात न मुरवलेले मोहाचे मद्य बनवते. कुटुंबाच्या १९२२ पासूनच्या व्यवसायाची आठवण म्हणून तिने संग्राहकांसाठी मोजक्याच बाटल्यांची महागडी आवृत्तीही काढली.