मालक नसलेला कट्टा

२२ फेब्रुवारी २०२४ला गूगलनं एक दार बंद केलं. गूगल ग्रुप्समधून 'युजनेट'वर नवं लिहिणं आणि नवं वाचणं त्या दिवसापासून थांबलं. हे नावच तुम्ही पहिल्यांदा ऐकत असाल, तर त्यात तुमचा दोष नाही.

युजनेट हा फेसबुकच्याच नव्हे, तर वेबच्याही आधीचा कट्टा. १९७९मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना तो सुचला. एका विद्यापीठाचा संगणक दुसऱ्याला फोन लावायचा, नवे संदेश द्यायचा-घ्यायचा. दुसरा ते तिसऱ्याला पोचवायचा. प्रत सगळ्यांकडे, मालकी कुणाचीच नाही. लिनक्सची पहिली बातमी लायनस टोरवाल्ड्सनं ऑगस्ट १९९१मध्ये इथंच दिली. पुढं परदेशातल्या मराठी माणसांनाही इथं स्वतःचा गट मिळाला. देवनागरीची सोय नव्हती, म्हणून मराठी रोमन अक्षरांत लिहायची. (सोय असूनही आपण व्हॉट्सअ‍ॅपवर आज तेच करतो, ते सोडा.)

पण मालक नाही म्हटल्यावर जुनं जपणार कोण? डिस्क महाग होत्या. बहुतेक ठिकाणी संदेश काही दिवसांनी पुसले जायचे. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणक सांभाळणाऱ्या हेन्री स्पेन्सर यांनी मात्र ते चुंबकीय टेपांवर उतरवून ठेवले. १९८१ ते १९९१ या काळातले सुमारे २० लाख संदेश, १४१ टेपा! त्या काळचं युजनेट आज वाचता येतं ते मुख्यतः या टेपांमुळे.

१९९५मध्ये 'डेजा न्यूज' या कंपनीनं नवे संदेश साठवून त्यांत शोध घ्यायची सोय केली. फेब्रुवारी २००१मध्ये गूगलनं तो संग्रह विकत घेतला आणि वर्षअखेरीस स्पेन्सर यांच्या टेपाही त्यात मिसळल्या. ७० कोटींवर संदेश एका चौकटीत शोधता येऊ लागले. हे मोठंच काम होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

बिघडलं ते नंतर. गूगलनं स्वतःचे गट आणि युजनेटचे गट एकाच दारातून दाखवले. आपण युजनेटवर लिहितोय हे अनेकांना माहीतच नसायचं. जुनं शोधणं अवघड होत गेलं. स्पॅमचे लोंढे त्याच दारातून आत यायला लागले आणि बंद करताना कारणही दिलं गेलं ते स्पॅमचं. मला यात दुष्टपणा दिसत नाही, दुर्लक्ष दिसतं.

याहू ग्रुप्सचं याहून वाईट झालं. तिथल्या गप्पा फक्त याहूच्याच सर्व्हरवर होत्या. २०१९मध्ये कंपनीनं मजकूर काढायचं जाहीर केलं, तेव्हा लोकांना घाईघाईनं उतरवून घेता आलं तेवढंच हाती लागलं. २०२०च्या डिसेंबरात सगळंच बंद झालं.

युजनेट मात्र अजून चालू आहे. जगभरचे छोटे सर्व्हर आजही एकमेकांना संदेश पोचवतात, त्यासाठी गूगल लागत नाही. जुना संग्रह गूगलनं वाचण्यापुरता ठेवलाय. किती वर्षं ठेवायचा, ते गूगलच ठरवणार.